सगळ्यांचा प्रिंटर, एकीचं आसन

सासरे गेल्यावर शेताची वाटणी झाली तेव्हा आमच्या घरातल्या दोन भावांनी तोंडातून ब्र काढला नाही. धुरा, म्हणजे शेताचा बांध, कुठून टाकायचा ते तलाठ्यावर सोडून दिलं, विहिरीचं पाणी आळीपाळीनं घ्यायचं ठरलं आणि संध्याकाळी दोघं एकाच ताटलीतले भजे खात बसले. गावात त्यांचं नाव झालं. मलाही कौतुक वाटलं. भांडणाची सगळी ताकद त्यांनी पुढं येणाऱ्या प्रिंटरसाठी राखून ठेवली आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

मोठा भाऊ म्हणजे माझा नवरा. वाशीमजवळच्या मालेगावला एका कचेरीत बाबू आहे. त्याचा कॉम्प्युटर घरातल्या पहिल्या खोलीत, टेबलावर, टॉवेल पांघरून बसलेला असतो. त्यात जुनं विंडोज आहे आणि नवरा ते बदलू देत नाही, कारण मराठी टायपिंग तो ज्या फॉन्टात शिकला तो फक्त तिथंच चालतो. धाकटा, माझा दीर, पुण्यातल्या कंपनीत आहे, पण कोरोनात घरी आला तो घरूनच काम करायला लागला. त्याच्या लॅपटॉपमध्ये लिनक्स आहे. लिनक्स म्हणजे काय ते त्यानं मला कितीतरी वेळा समजावलं आहे. ते फुकट असतं, मोकळं असतं, कोणाची मालकी नसते, सगळ्यांनी मिळून ते चालवायचं असतं. एवढं सांगून तो जेवलेलं ताट तिथंच ठेवून उठतो.

मी जऊळक्याच्या पुढं एका शाळेत शिकवते. माझ्याकडे फक्त फोन आहे, म्हणून या घरात तांत्रिक बाबतीत माझं मत कोणी विचारत नाही.

प्रिंटर वाशीमच्या दुकानातून आला. आमचा आला त्याच महिन्यात पलीकडच्या घरीही आला. तेच दुकान, तोच प्रिंटर, खोक्यावरचा रंगसुद्धा तोच. पलीकडचं घर म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या काकूंचं. काकू अंगणवाडी सेविका होत्या, आता निवृत्त आहेत. आम्ही फ्रिज घेतला की त्यांच्याकडे फ्रिज येतो आणि त्यांनी गच्चीवर टाकी बसवली की आमचा नळवाला ठरतो. कोरोनात त्यांच्या नातीची शाळा फोनवर भरायची म्हणून आम्ही त्यांना आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. त्याबदल्यात त्यांच्या अंगणातला कढीपत्ता आम्ही न विचारता तोडायचा. नात केव्हाच अकोल्याला शिकायला गेली, पण दोन्ही व्यवहार अजून चालू आहेत.

आता सासूबाईंचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यापायी झालं.

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. कोणत्या दिवशी किती वाचायचं ते समिती आधीच ठरवून देते. वाचणारी बाई आसनावर बसते, पुढं माईक असतो, खाली सतरंजीवर सगळं गाव. शेवटच्या दिवशी जी ग्रंथ मिटते तीच पुढच्या आषाढीला तो उघडते. हा नियम कुठं लिहिलेला नाही आणि तो मोडायची कोणाची छाती नाही. गेली कित्येक वर्षं ग्रंथ मिटणारी आणि उघडणारी बाई म्हणजे माझ्या सासूबाई.

त्या शाळेत गेलेल्या नाहीत. लग्नानंतर सासऱ्यांजवळ बसून त्यांनी अक्षरं गिरवली. दिवसभर शेतात निंदायला जाणारी बाई संध्याकाळी पांढरं पातळ नेसून आसनावर बसते आणि मास्तर, ग्रामसेवक, पतपेढीचा मॅनेजर तिच्यापुढं मांडी घालून ऐकतात, यातलं सुख मला लवकर कळलं नाही. मी शिकलेल्या घरातून आले होते. वाचता येणं ही मला श्वास घेण्यासारखी गोष्ट वाटायची. सासूबाईंच्या तोंडावरचा तो संध्याकाळचा तजेला पाहिला आणि मग मला कळलं की त्यांच्या आयुष्यात त्या आसनाएवढं दुसरं काहीच त्यांचं स्वतःचं नाही.

त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. वाशीमच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आश्विनातली पौर्णिमा होऊ द्या." ऑपरेशन केलं तर मध्येच आसन सोडावं लागणार, आणि एकदा सोडलेलं आसन परत मिळेल याची खात्री नव्हती.

पहिल्या आठवड्यात त्यांनी एकच ओळ दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी एक ओळ गाळली. ज्या शब्दावर त्या अडायच्या तो शब्द दुसऱ्या रांगेतून कोणीतरी मोठ्यानं सांगायचं. ते कोणीतरी म्हणजे पलीकडच्या काकू. त्यांना मदत करायची भारी हौस. सासूबाईंना अडखळायला वेळही मिळू नये इतक्या तत्परतेनं त्या मदत करायच्या. शेवटी समितीचे अध्यक्ष घरी चहाला आले. चहा बशीत ओतून म्हणाले, "काकी, डोये लयच दुखत असन तर यंदा दुसऱ्या कोनाले बसू द्या ना. पोयापर्यंत पाहू, मंग ठरवू."

दुसरं कोणी म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती. भिंतीपलीकडं भांडी घासायचा आवाज थांबला होता.

अध्यक्ष गेले आणि दोन्ही मुलगे एकदम कर्तव्यदक्ष झाले. दीर म्हणाला, ग्रंथ नेटवर आहे, तो रोजचा भाग काढेल, अक्षर आंब्याच्या कोयीएवढं करेल आणि छापून देईल. आईनं ग्रंथ मांडीवर उघडा ठेवायचा, त्यात छापलेली पानं घालायची, कोणाला कळणारही नाही. उपाय चांगला होता. अडचण एकच होती. ग्रंथ दिराच्या लॅपटॉपमध्ये आणि प्रिंटर नवऱ्याच्या कॉम्प्युटरला वायरनं जोडलेला.

"शेअर करू," दीर म्हणाला.

"कर," नवरा म्हणाला.

पोळ्यापर्यंत बरेच दिवस होते. मला वाटलं, चहा निवायच्या आत पान हातात येईल.

पहिली अडचण पासवर्डची आली. नवऱ्याच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता आणि पासवर्ड नसेल तर तो बाहेरच्याला आत घेत नव्हता. दीर म्हणाला, "दादा, एक पासवर्ड टाक." नवऱ्याला ते लागलं. "म्हनजे माह्याच घरात मी मलेच कुलूप लावू काय?" दोन दिवस तो विषय कोणी काढला नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं मोठ्या मनानं पासवर्ड टाकला, कचेरीत गेला आणि संध्याकाळी येईपर्यंत विसरला. तो काय असेल याचा दोघांनी मिळून शोध घेतला. माझ्या वाढदिवसाची तारीख टाकून पाहू असं दीर म्हणाला, तेव्हा नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला ती आठवत नव्हती. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

पुढची अडचण बोर्डाच्या बटणाची. नवरा कचेरीत जाताना कॉम्प्युटर बंद करतो, मग बोर्डावरची तिन्ही बटणं बंद करतो आणि वर टॉवेल टाकतो. तो कॉम्प्युटर बंद म्हणजे प्रिंटरही गेला. दीर दिवसभर त्याला बोलवत बसायचा आणि प्रिंटर ओ देत नव्हता. नवरा घरी यायचा तेव्हा दिराची कंपनीची मीटिंग असायची. मीटिंग संपायची तेव्हा लाइन जायची. मी म्हटलं, "कॉम्प्युटर चालूच ठेवून जा ना." नवरा म्हणाला, "गरम होते थे." त्या कॉम्प्युटरइतक्या काळजीनं त्यानं माझ्या कपाळावर कधी हात ठेवला नव्हता.

शेवटी एका रविवारी सगळं जुळलं. कॉम्प्युटर चालू, लॅपटॉप चालू, लाइन होती. दिरानं बटण दाबलं. प्रिंटर घरघरला आणि पान बाहेर आलं. पानाच्या डोक्यावर चिन्हांची एक ओळ होती, बाकी कोरं. मग दुसरं पान, त्यावरही एकच ओळ. मग तिसरं. प्रिंटर थांबेचना. ते कोणी रद्द करायचं यावर भावांचा वाद सुरू झाला. दीर म्हणे तुझ्याकडून कर, नवरा म्हणे पाठवलं तू. शेवटी नवऱ्यानं वायरच उपटली. वायर परत लावली तर प्रिंटर राहिलेली पानं इमानदारीनं काढायला लागला. सासूबाईंनी ती सगळी गोळा केली आणि फडताळातल्या डब्यांखाली अंथरली. उरलेली मी शाळेत नेली, मागच्या कोऱ्या बाजूला पोरांनी बैल काढले.

"तुह्या लिनक्सले मराठीच येत नाई," नवरा म्हणाला.

"मराठी येते. तुह्या विंडोजचं वयच झालं," दीर म्हणाला.

वय हा शब्द त्या घरात त्या वेळी काढायचा नव्हता. सासूबाई दारात उभ्या होत्या.

मी एकदा सुचवून पाहिलं की हे सगळं राहू द्या, पेन ड्राइव्हमध्ये घ्या, इकडून तिकडे चार पावलं चालत जा आणि छापा. दोघांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना धुणं धुवायला सांगितलं. नवरा म्हणाला, "मंग शेअरिंग कायले केलं आपन?" आणि दीर म्हणाला, दादाच्या मशीनला लावलेला पेन ड्राइव्ह तो परत स्वतःच्या मशीनला लावणार नाही, त्यात काय काय चढत असेल सांगता येत नाही. सख्खे भाऊ एकाच तांब्यानं पाणी पितात, पण पेन ड्राइव्हचं सोवळं पाळतात. जातिभेद गाडायला निघालेल्या घरात मी हे पाहिलं आहे.

मग मी शिरपूरच्या झेरॉक्सवाल्याकडून काही पानं मोठी करून आणली. अक्षर मोठं झालं, पण प्रत्येक ओळीचं शेपूट कागदाबाहेर गेलं. सासूबाई त्या संध्याकाळी अर्धी अर्धी वाक्यं वाचून आल्या. घरी आल्यावर नवरा माझ्यावरच चिडला. "घरी प्रिंटर असून झेरॉक्स काढून राह्यली तू. लोक काय म्हनतीन?" लोक काय म्हणत होते ते मला विहारात ऐकू येत होतं. ते दोघं तिथं एक दिवसही फिरकले नव्हते.

पोळा आठवड्यावर आला तेव्हा दिराला प्रिंटरचं माहितीपत्रक सापडलं. दिवाणाचा एक पाय डुगडुगतो म्हणून सासूबाईंनी ते त्याखाली सारलेलं होतं. त्यात लिहिलं होतं की प्रिंटरला स्वतःचंच वायफाय आहे, त्याला कोणाच्या कॉम्प्युटरची गरज नाही. पुढच्या बाजूला त्याचं बटणही होतं, इतके दिवस आम्ही त्यावरची फक्त धूळ पुसली होती. दिरानं वायर काढली, बटण दाबलं, प्रिंटर घराच्या वायफायला जोडला आणि जाहीर केलं, "आजपासून हा प्रिंटर सगळ्यांसाठी खुला."  वायर मात्र नवऱ्यानं गुंडाळून स्वतःच्या कपाटात ठेवली.

खुला केलेल्या प्रिंटरवर दिराच्या लॅपटॉपातून काही येईना. काहीतरी ड्रायव्हर मिळत नव्हता म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी टाकत असताना प्रिंटर घरघरला.

मी जाऊन पाहिलं तर ट्रेमध्ये पानं पडत होती. मोठ्ठं, काळंभोर, सुबक मराठी अक्षर. त्या दिवशी वाचायचा भाग, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. सासूबाईंनी एक पान हातात घेतलं, खिडकीजवळ नेलं आणि चष्मा न लावता वाचायला लागल्या. वाचता वाचता त्या खालीच बसल्या. मी भाकरी करपू दिली.

नवरा न्हाणीतून आला, पानं पाहिली आणि मान हलवली. त्याला वाटलं, धाकट्याला अखेर जमलं. पण आपण जुनं विंडोज त्याच्या वाटेतून बाजूला केलं म्हणूनच जमलं, असं तो मला म्हणाला. दीर उठून आला. त्याला वाटलं, दादानं अखेर आपला हट्ट सोडून छापलं. पण आपण प्रिंटर खुला केला म्हणूनच, असं तोही मला म्हणाला. हे तू छापलंस का, असं एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला माहीत नाही हे कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा दोघांनी अर्धं अर्धं श्रेय घेतलं आणि आपापल्या कामाला लागले.

मग रोज सकाळी पानं यायला लागली.

त्यांत एक गंमत होती. मध्ये मध्ये कंसात काही सूचना असायच्या. इथं थांबणे. इथं आवाज वाढवणे. इथं पाणी पिणे. सासूबाई पहिल्या दिवशी जरा वैतागल्या, "आता मले हे शिकवून राह्यले, कुठं पानी पेवाचं थे." पण संध्याकाळी त्यांनी तेच केलं. जिथं थांबायचं तिथं थांबल्या, जिथं आवाज चढवायचा तिथं चढवला. सतरंजीवर चुळबूळ बंद झाली. एका ठिकाणी तांब्या उचलून त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि तेवढ्या शांततेत मागच्या बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या. वाचन संपलं तेव्हा साधू साधू साधू असा आवाज उठला तो आधी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या रांगेतल्या काकू मात्र तोंड अर्धं उघडं ठेवून बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी एकही शब्द सुचवला नाही. मला फार बरं वाटलं. वाटलं, बसली चपराक.

पोळा झाला. अध्यक्ष चहाला आले नाहीत. आसन शाबूत राहिलं आणि घरात दोन्ही भाऊ छाती काढून फिरायला लागले. नवऱ्यानं कचेरीत सांगितलं की आमच्याकडे विंडोज आणि लिनक्स एकाच प्रिंटरवर चालतात. दिरानं पुण्याच्या मित्रांना तेच सांगितलं, फक्त क्रम उलटा.

गणपतीनंतर माझ्या शाळेला एक दिवस सुटी होती. नवरा कचेरीत गेलेला, दीर आदल्या दिवशी लॅपटॉप घेऊन पुण्याला गेलेला. नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर टॉवेल होता आणि बोर्डावर त्याची तिन्ही बटणं बंद होती. प्रिंटर तेवढा वेगळ्या बटणावर होता. मी मागच्या अंगणात कढीपत्ता तोडत होते. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. त्या कोणाशी तरी अगदी सावकाश, एकेक शब्द तोडून बोलत होत्या.

"कंस सुरू. काल शेवटी घाई झाली. आज सावकाश. कंस पूर्ण."

मी टाचा उंचावून पाहिलं. काकू ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. फोन तोंडापुढं धरला होता आणि त्या बोलतील तसतशी अक्षरं उमटत होती. अंगणवाडीत असताना पोरांच्या वजनापासून खिचडीच्या फोटोपर्यंत सगळं फोनवरच पाठवावं लागायचं, त्यामुळे फोन त्यांना चुलीसारखा सवयीचा. त्यांनी एक बोट टेकवलं. आमच्या घरात प्रिंटर घरघरला.

मी आत पळाले. पानावर तेच होतं. काल शेवटी घाई झाली, आज सावकाश. आमच्या घरातल्या दोन्ही पुरुषांना आई काल कुठं घाई करून गेली हे माहीत असणं शक्यच नव्हतं. मी माझ्या फोनवर प्रिंटरची यादी काढून पाहिली. दोन नावं आली, दोन्ही अगदी सारखी. एक आमचा, एक काकूंचा. तेच दुकान, तोच प्रिंटर, तेच नाव आणि दिरानं आमचा सगळ्यांसाठी खुला केलेला. काकू यादीतलं पहिलं नाव दाबत होत्या.

सगळं डोक्यात लख्ख झालं. पोळ्यानंतर आसन आपल्याला मिळणार म्हणून काकू रोजच्या भागाची स्वतःसाठी तालीम करत होत्या. मोठं अक्षर त्यांनाही लागत होतं, त्यांचंही वय तेवढंच. कुठं थांबायचं, कुठं पाणी प्यायचं, ते सगळं त्यांनी स्वतःसाठी लिहिलं होतं. पहिल्या दिवशी पानं त्यांच्या घरी आलीच नाहीत आणि संध्याकाळी आपल्या विरामावर सासूबाईंना थांबताना त्यांनी ऐकलं. म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी त्या पाठवत राहिल्या. मला इतका राग आला की पानं हातात चुरगळली गेली. माझ्या सासूच्या तोंडून ही बाई वाचत होती आणि गाव शाबासकी आम्हाला देत होतं.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या नाहीत.

"मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. 'इथं पाणी पिणे'. अवं, अंगनवाडीतल्या पोट्ट्यायले तिनं जनमभर असंच पाजलं. कविता म्हनता म्हनता मधातच पानी. मी वळखनार नाई काय?"

"मंग तुमी घेता काहून ते पानं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी एखादा भाबडा प्रश्न विचारला की शाळेत पोरं पाहतात तसं.

"अक्षर मोठं हाय," त्या म्हणाल्या.

मग चुरगळलेली पानं माझ्या हातातून घेतली, मांडीवर ठेवून हातानं सारखी केली आणि म्हणाल्या, "पोरायले सांगू नको. खूश हायेत, राहू दे."

त्यानंतर वाशीमला आणखी एकदा डोळे दाखवून झाले, पाऊस ओसरला, सोयाबीन पिवळं पडलं आणि रोजची पानं येत राहिली. सूचना वाढत गेल्या. इथं चष्मा काढून पुसणे. इथं समोर पाहणे, खाली नाही. सासूबाई तेवढंच करायच्या, एक जास्त नाही की एक कमी नाही. दोघी दिवसभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. विहारात एक आसनावर, एक दुसऱ्या रांगेत, आणि सगळं संभाषण कंसात.

शेवटच्या दिवशी सकाळी पानं आली ती मीच उचलली. शेवटच्या पानाच्या डोक्यावर, सगळ्यात मोठ्या अक्षरात, कंसात एकच ओळ होती.

हे पान मला वाचू दे.

पिणे, थांबणे, पुसणे असं काही नव्हतं. वाचू दे, असं होतं. मला पहिल्यांदा वाटलं, आता हिचा खरा डाव कळला. शेवटचं पान वाचायचं, ग्रंथ आपल्या हातानं मिटायचा आणि पुढच्या आषाढीला आसनावर बसायचं. मी ते पान लपवणार होते, पण ते पान नसेल तर सासूबाई शेवट वाचणार कशावरून? ग्रंथातलं अक्षर त्यांना आता मुंग्यांच्या रांगेसारखंसुद्धा दिसत नव्हतं. मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, परत उघडलं आणि बाकीच्या पानांखाली ठेवलं. मी विचारलं, "काय करनार?" त्या म्हणाल्या, "पातळ इस्त्री करून दे."

त्या संध्याकाळी विहार खच्चून भरला होता. खिरीची पातेली बाहेर झाकून ठेवली होती. माझा नवरा आणि दीर दोघंही त्या वर्षी पहिल्यांदा आले, पुढच्या रांगेत बसले. आपण छापलेली पानं कशी वाचली जातात ते त्यांना पाहायचं होतं.

सासूबाईंनी वाचलं. एक एक पान संपवून मागं सारलं. शेवटचं पान वर आलं आणि त्या थांबल्या. लोकांना वाटलं, नेहमीचा विराम आहे. पण विराम लांबला. काकू दुसऱ्या रांगेत पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली पाहत होत्या. 

सासूबाईंनी माईकवर हात धरला नाही. त्यामुळे त्या जे म्हणाल्या ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

"ये. अशी बस इकडं."

त्या आसनावरून उठल्या नाहीत. थोड्या सरकल्या. काकू आल्या, शेजारी टेकल्या, पान हातात घेतलं आणि वाचायला लागल्या. आवाज चांगला होता, हे मला मान्य करावं लागतं. पण पहिल्या चार ओळींतच त्या सुटल्या, शब्दांवर शब्द चढायला लागले. आयुष्यभर वाट पाहून मिळालेलं पान, घाई होणारच. तेव्हा शेजारून सासूबाई माईकमध्ये म्हणाल्या,

"घाई झाली. सावकाश. इथं पानी पे."

आणि तांब्या पुढं केला. सगळा विहार हसला, काकूसुद्धा. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि उरलेलं पान असं वाचलं की हसणारे गप्प झाले. शेवटचा शब्द झाला. काकूंनी सवयीनं हात ग्रंथाकडं नेला.

ग्रंथ सासूबाईंच्या मांडीवर होता. त्यांनी दोन्ही हातांनी तो मिटला. आवाज माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

खीर खाऊन आम्ही घरी निघालो. पुढं दोन्ही भाऊ चालले होते. दीर नवऱ्याला सांगत होता की शेजारच्यांना इतके दिवस वायफाय वापरू देणं धोक्याचं आहे, उद्याच पासवर्ड बदलून टाकतो, मग प्रिंटर फक्त आपला राहील. नवऱ्यालाही ते पटलं. या एका गोष्टीवर विंडोज आणि लिनक्सचं पहिल्यांदा एकमत झालं होतं.

मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "तुमी तिले पान देल्लं, मले वाटलं आता आसनबी देता."

"पान तिचं होतं, तिनं वाचलं," त्या म्हणाल्या. "ग्रंथ मी उघडला होता."

मग त्यांनी पुढं चाललेल्या मुलांना हाक मारली. दोघं थांबले.

"पासवर्डाले हात लावाल तर याद राखा," त्या म्हणाल्या. "पुढच्या आषाढीले मले पानं लागतीन."